वरिष्ठ पंचायतीचे राज्य

११ ऑगस्ट १९६१ या दिवशी दोन पंतप्रधानांनी एका करारावर सह्या केल्या. त्यांतले एक होते जवाहरलाल नेहरू. दुसरे होते के. जी. बदलानी, दादरा आणि नगर हवेलीचे पंतप्रधान. बदलानी मुळात भारतीय प्रशासकीय सेवेतले अधिकारी. हवेलीत ते प्रशासक म्हणून काम पाहत होते. पंतप्रधानपद त्यांच्याकडे आले ते त्या एका दिवसापुरते. करार व्हायचा तर दोन्ही बाजूंना सही करण्याचा अधिकार असलेली माणसे लागतात, आणि भारताच्या पंतप्रधानांसमोर तोलामोलाच्या पदावरचा माणूस बसवायचा तर त्याला ते पद देणे भाग होते. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ही हकिकत ‘एका दिवसाचा पंतप्रधान’ म्हणून येते. वाचणारा गंमत वाटून हसतो आणि पान उलटतो. मला त्या सहीमागे सात वर्षे नऊ दिवस चाललेले एक राज्य दिसते, आणि त्या राज्याबद्दल मराठीत फार कमी बोलले जाते याची हळहळ वाटते.

आपल्याकडे दादरा-नगर हवेली आठवते ती १९५४ च्या मुक्तिसंग्रामापुरती. पुण्याहून गेलेले तरुण, भर पावसातली चढाई, सिल्वासावर फडकलेला तिरंगा, एवढ्यावर ती गोष्ट संपते. त्यानंतर तो प्रदेश भारतात आला, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तो लगेच भारतात आला नाही. २ ऑगस्ट १९५४ ते ११ ऑगस्ट १९६१ या काळात तो पोर्तुगालचाही नव्हता आणि भारताच्या संघराज्याचाही नव्हता. त्याचा कारभार त्याची स्वतःची वरिष्ठ पंचायत आणि तिचा प्रशासक पाहत होते. एखादे ठाणे काबीज करायला एक रात्र पुरते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ठाण्याच्या दारात तक्रार घेऊन कोणी उभा राहिला, तर ती कोणत्या कायद्याखाली नोंदवायची, कोणाच्या नावाने नोंदवायची, याचे उत्तर तयार असावे लागते. ते उत्तर सात वर्षे देत राहणे हे मला त्या रात्रींहून कमी शौर्याचे वाटत नाही.

मी नाशिकचा. आमच्या जिल्ह्यात दिंडोरी तालुक्याच्या डोंगरांत दमणगंगा उगम पावते, सह्याद्री उतरून पश्चिमेला वळते, नगर हवेलीच्या मधून वाहते आणि दमणपाशी समुद्राला मिळते. एका नदीच्या वाटेवर एकेकाळी राजवट तीनदा बदलत होती: उगमाकडे ब्रिटिश मुलूख, मध्ये पोर्तुगिजांची हवेली, मग पुन्हा ब्रिटिश मुलूख आणि मुखाशी पोर्तुगिजांचे दमण. हवेलीला समुद्रकिनारा नाही. सारा प्रदेश जेमतेम ४९१ चौरस किलोमीटरचा, आणि तोही एकसंध नाही. दादरा हा त्याचा छोटा तुकडा नगर हवेलीपासून वेगळा, चारी बाजूंनी आजच्या गुजरातने वेढलेला. उलट नगर हवेलीच्या पोटात मघवाल हे गाव आहे, ते गुजरातचे. वापीच्या रेल्वे स्टेशनावरून सिल्वासाकडे निघाले की थोड्याच अंतरात हद्दीच्या पाट्या बदलत जातात, आणि आपण नेमके कोणत्या मुलखात आहोत हे स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. पुढे जो खटला जगाच्या न्यायालयापर्यंत गेला, त्याचे मूळ या तुकड्यातुकड्यांच्या भूगोलात होते: दमणहून हवेलीला जायचे तर परक्या भूमीवरून जावे लागे.

हा तुकडा पोर्तुगिजांकडे गेला कसा, याचा धागा पुण्याच्या दरबारात सापडतो, आणि म्हणून ही गोष्ट मराठी माणसाची अधिकच आहे. मराठ्यांच्या आरमाराने १७७२ मध्ये ‘सांताना’ या पोर्तुगीज जहाजाचे नुकसान केले होते. १७ डिसेंबर १७७९ रोजी पेशवाई आणि पोर्तुगीज यांच्यात स्नेहाचा तह झाला आणि त्यात भरपाई म्हणून वार्षिक बारा हजार रुपयांच्या वसुलाची गावे पोर्तुगिजांना लावून द्यायचे ठरले. सवाई माधवराव तेव्हा पाच वर्षांचे होते. कारभार नाना फडणीस आणि कारभारी मंडळाच्या हाती होता. इंग्रजांशी युद्ध सुरू होते, आणि अशा वेळी पोर्तुगीज इंग्रजांच्या बाजूला जाऊ नयेत हे पाहणे शहाणपणाचे होते. त्या हिशेबात हवेलीची बहात्तर गावे गेली. १७८३ मध्ये पोर्तुगिजांनी ती ताब्यात घेतली आणि १७८५ मध्ये दादराही त्यांच्याकडे आला. वसई जिंकून पोर्तुगिजांना उत्तर कोकणातून हटवणाऱ्या मराठ्यांनीच चाळीस-पन्नास वर्षांत त्याच पट्ट्यात त्यांना पुन्हा जागा दिली, हे वाचताना मन खट्टू होते. पण नानांना दोष देण्यात अर्थ नाही. इंग्रजांशी झुंजणाऱ्या माणसाने बारा हजारांच्या वसुलाच्या बदल्यात एक शत्रू कमी करून घेतला, एवढाच तो व्यवहार होता. बहात्तर गावांतल्या वारली, कोकणा आणि धोडिया माणसांना या व्यवहारात कोणी विचारले नव्हते. या कथेत त्यांना न विचारण्याची ही पहिली वेळ, शेवटची नव्हे.

पोर्तुगीज अमलाखाली हवेलीतली जमीन कशी वाटली गेली, हे समजल्याशिवाय पुढची सात वर्षे समजत नाहीत. जंगल मोठे, वस्ती विरळ आणि आदिवासींची. सरकारने ‘आलवारा’ आणि ‘तेरेम’ या नावांच्या पद्धतींनी जमिनी लावून दिल्या आणि पुष्कळ जमीन अशा माणसांच्या हाती गेली जी ती स्वतः कसत नव्हती. कसणारा कूळ राहिला, मालकी दुसऱ्याची झाली. हद्दीपलीकडे, ब्रिटिश मुलखातल्या डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतही चित्र फारसे वेगळे नव्हते. तिथेच १९४५ ते १९४७ या काळात शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. पोर्तुगीज आणि ब्रिटिश यांच्यातली हद्द कागदावर ठळक असेल, पण दोन्ही बाजूंचा वारली एकच होता, त्याचे सोयरसंबंध, त्याचे देव, त्याचा तारपा एकच होता. १९५४ मध्ये हवेलीत कम्युनिस्ट कार्यकर्तेही काम करत होते आणि काही गावे त्यांच्या पुढाकाराने मोकळी झाली, ही गोष्ट आपल्याकडच्या सांगण्यात बहुधा दोन ओळींत आटोपते. ती इतकी आखडती होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

१९४७ मध्ये इंग्रज गेले, तेव्हा पोर्तुगाल गेला नाही. १९५१ मध्ये तर लिस्बनने राज्यघटनेत बदल करून आपल्या वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ असे नाव दिले, म्हणजे गोवा, दमण, दीव आणि हवेली हे पोर्तुगालचेच भाग आहेत, त्यांच्याबद्दल बोलणी कशाची करायची, असा पवित्रा घेतला. भारत सरकार शांततेच्या मार्गाने जाऊ पाहत होते. गोव्यातल्या आणि गोव्याबाहेरच्या कार्यकर्त्यांचा धीर सुटत चालला होता. सैन्याच्या मदतीशिवाय मोकळा करता येईल असा भाग कोणता, हे शोधताना नजर हवेलीवर जाणे साहजिक होते. ती दमणपासून तुटलेली होती. तिथे कुमक पोचवायची तर भारताच्या जमिनीवरून, भारताच्या परवानगीने.

पुण्यात तयारी सुरू झाली. तिचा खर्च उभा करण्यासाठी सुधीर फडके यांनी हिराबागेत लता मंगेशकर यांच्या गाण्याचा कार्यक्रम घडवून आणला. राजा वाकणकर, नाना काजरेकर, विनायकराव आपटे, बाबासाहेब पुरंदरे, उत्तम गुजराती बोलणारे आणि म्हणून त्या मुलखात सहज वावरू शकणारे विश्वनाथ नरवणे ही नावे या मोहिमेत येतात. ज्यांना आपण पुढे गायक-संगीतकार म्हणून किंवा शिवशाहीर म्हणून ओळखले, ती माणसे ऐन तारुण्यात पोलीस ठाण्यांचे नकाशे काढत होती. आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे, प्रभाकर सिनारी आदी गोमंतकीय सोबत होते. दुसरीकडे, फ्रान्सिस मस्कारेन्हस यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने वेगळी फळी उघडली होती. संघाचे स्वयंसेवक, गोमंतक दल, मस्कारेन्हस यांचे लोक आणि कम्युनिस्ट, या चौघांचे एकमेकांशी पटत नव्हते, आणि ते पटत नव्हते हे लपवण्याचे कारणही नाही. तरी तीन आठवड्यांच्या आत, वेगवेगळ्या वाटांनी, ते एकाच ठिकाणी पोचले.

२१ आणि २२ जुलैच्या मधल्या रात्री मस्कारेन्हस यांच्या माणसांनी दादराचे ठाणे घेतले. त्या झटापटीत ठाण्याचा अंमलदार अनिसेतो दो रोझारियो आणि आणखी एक पोलीस मारला गेला. आपण विजयाची गोष्ट सांगताना या दोन माणसांवरून पुढे निघून जातो. पण ठाणे सोडून न पळालेल्या माणसाचे नाव घेतल्याने आपली बाजू लंगडी होत नाही. २८ जुलैच्या सुमारास नरोली पडली. २ ऑगस्टला सिल्वासा. प्रशासक कॅप्टन व्हिर्जिलिओ फिदाल्गो दीडशेच्या आसपास पोलीस घेऊन खानवेलच्या जंगलाकडे हटला होता. हद्दीवर भारताचे राखीव पोलीस दल जे. डी. नगरवाला यांच्या हुकमतीखाली उभे होते आणि दमणहून मदत येण्याची वाट बंद होती. अखेर ११ ऑगस्ट १९५४ रोजी फिदाल्गोने उधव्याला भारतीय पोलिसांपुढे शस्त्रे ठेवली. बरोबर सात वर्षांनी, त्याच तारखेला, बदलानींनी करारावर सही केली.

इथून पुढे मला या कथेत खरा रस वाटतो. गोमंतकीय कार्यकर्ते आप्पासाहेब करमळकर मुक्त प्रदेशाचे पहिले प्रशासक झाले. गावोगावच्या पंचायती आणि त्यांच्यावर एक वरिष्ठ पंचायत अशी रचना उभी राहिली. पंचायत या नावात नवलाचे काही नव्हते. पण ही पंचायत विहिरीच्या दुरुस्तीवर थांबणारी नव्हती. तिच्या वर कोणतीही विधानसभा नव्हती, कोणतीही संसद नव्हती. कायद्याने पाहिले तर त्या प्रदेशात तिच्याहून मोठे कोणी नव्हते. महसूल, जंगल, पोलीस, न्याय, सारे तिच्या नावाने चालायचे होते. भारताने मदतीचा हात दिला, पुढे अधिकारीही दिला. पण ही मदत शेजाऱ्याने शेजाऱ्याला द्यावी तशी होती, कारण भारताने ‘हा आमचा भाग’ असे म्हटले असते तर पोर्तुगालच्या हातात हवे ते कोलीत मिळाले असते.

त्या राज्याचा एक हाताळता येणारा पुरावा मी पाहिला आहे. नाशिकमधल्या एका तिकीटसंग्राहकांच्या अल्बममध्ये एक लहानसे तिकीट होते, पोर्तुगीज अमलातले. त्यावर ‘इश्तादु दा इंदिया’ असे छापलेले, आणि त्याच अक्षरांवर काळ्या शाईत इंग्रजी शब्दांचा दुसरा ठसा: ‘लिबरेटेड एरियाज’. मुक्त प्रदेश. नवे छापायला वेळ नव्हता, म्हणून जुन्यावरच नवे नाव मारले होते. ठसा किंचित तिरका बसला होता, एका अक्षराची शाई बाजूला फाकली होती, आणि खालच्या पोर्तुगीज अक्षरांची टोके त्यातून डोकावत होती. ते काका ते तिकीट चिमट्याने धरून खिडकीच्या उजेडात नेत होते आणि मला सांगत होते, “हे बघा, कुणीतरी टेबलाशी बसून हाताने एकेक करत असणार.” नंतर या प्रदेशासाठी एक आण्याचे, महसूल आणि टपाल दोन्ही कामांचे तिकीट आमच्याच नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले गेले. बाहेरचे टपाल वापीमार्गे जायचे-यायचे. ज्याच्याकडे चलन नाही, सैन्य नाही, जगाच्या नकाशावर ज्याची नोंद नाही, अशा राज्याने आधी काय केले असेल तर लोकांची पत्रे पोचतील याची सोय. मला हे फार मोलाचे वाटते. पत्र पोचते तिथे सरकार आहे, असे सामान्य माणूस मानतो, आणि ते मानणे चुकीचे नाही.

या काळात दुसरी लढाई हेगमध्ये चालू होती. पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि आठ दिवसांतच, २२ डिसेंबरला, त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा दाखल केला. मागणी वरवर साधी होती: दमणहून दादरा आणि नगर हवेलीला जाण्याचा आम्हाला हक्क आहे आणि भारताने तो अडवला आहे. पण त्या वाटेने कोण जाणार होते? सशस्त्र पोलीस. म्हणजे हक्क मान्य झाला असता तर हवेलीतली पंचायत मोडायला जाणाऱ्या तुकडीला भारतानेच रस्ता द्यायचा होता.

भारताची बाजू महान्यायवादी मो. चि. सेटलवाड मांडत होते. भारताने नेमलेले न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद भूषवलेले एम. सी. छागला. आणि या खटल्यात अठराव्या शतकातला पुणे दरबार पुन्हा उभा राहिला. १७७९ चा तह, १७८३ आणि १७८५ च्या सनदा, मराठी आणि पोर्तुगीज मसुद्यांतले फरक, यांचा कीस निघाला. पेशव्यांनी पोर्तुगिजांना राज्य दिले होते की नुसता वसूल? न्यायालयाने कागद तपासून म्हटले की मराठ्यांनी दिले ते जहागीर किंवा सरंजाम या स्वरूपाचे होते. सार्वभौमत्व दिलेले नव्हते. पोर्तुगिजांचे सार्वभौमत्व त्या गावांवर पुढे ब्रिटिशांच्या काळात रुजले आणि ब्रिटिशांनी ते मान्य केले. सरंजाम म्हणजे काय, हे शाळेत मराठ्यांचा इतिहास शिकलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. तीच गोष्ट हेगच्या पीस पॅलेसमध्ये जगभरातल्या न्यायाधीशांना समजावून द्यावी लागली, आणि ती त्यांनी समजून घेतली. नाना फडणिसांच्या कारकुनांनी बोरूने लिहिलेला मजकूर पावणेदोनशे वर्षांनी त्याच गावांच्या कामी आला, हे मला वाचताना अजूनही भारावून टाकते.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना जाण्या-येण्याचा हक्क पोर्तुगालला १९५४ मध्ये होता, असे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांच्याबाबतीत तसा हक्क नव्हता, हे ८ विरुद्ध ७ मतांनी. आणि भारताने आपल्या जबाबदारीचा भंग केलेला नाही, हे ९ विरुद्ध ६ मतांनी. ब्रिटिश काळापासूनच सशस्त्र तुकडी न्यायची तर आधी परवानगी घ्यावी लागत असे, १८७८ च्या करारातही तसेच होते, आणि जी गोष्ट परवानगीने मिळते तो हक्क नव्हे, असा या निकालाचा आधार होता. मधल्या आकड्यावर माझी नजर दरवेळी अडते. आठ विरुद्ध सात. एका न्यायाधीशाने वेगळे मत दिले असते तर सिल्वासाच्या पंचायतीचे भवितव्य काय झाले असते, याचा विचार करताना अंगावर काटा येतो. नेहरूंनी हवेली १९५४ मध्येच का घेतली नाही, असा प्रश्न आजही तावातावाने विचारला जातो. त्याचे उत्तर या खटल्यात आहे. हवेलीतला बदल हा तिथल्या लोकांनी घडवला, तिथे आता त्यांचे राज्य आहे आणि भारताने तो प्रदेश गिळलेला नाही, ही भूमिका भारताला न्यायालयात टिकवायची होती. वरिष्ठ पंचायत जितकी वर्षे स्वतःच्या पायावर उभी राहिली, तितकी ती भूमिका खरी ठरत गेली. मुक्ती देणाऱ्यांचे श्रेय मोठे आहेच; पण ती मुक्ती कायद्याच्या कसोटीला उतरेपर्यंत राखून ठेवण्याचे श्रेय त्या पंचायतीचे आहे, आणि ते तिला अजून मिळालेले नाही.

निकालानंतर वाट मोकळी झाली. १२ जून १९६१ रोजी वरिष्ठ पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव एकमताने संमत केला. ऑगस्टमध्ये करारावर सह्या झाल्या, संसदेने दहावी घटनादुरुस्ती केली आणि ११ ऑगस्ट १९६१ पासून दादरा आणि नगर हवेली हा केंद्रशासित प्रदेश झाला. मुंबई राज्य वर्षभरापूर्वीच दुभंगले होते, उंबरगाव गुजरातकडे गेले होते, आणि मराठी-गुजराती यांच्या सीमेवर असलेला हा प्रदेश कोणत्याच राज्यात न जाता थेट केंद्राकडे राहिला. उच्च न्यायालय मात्र मुंबईचे लाभले आणि ते आजही तसेच आहे. चार महिन्यांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला. तिथे सैन्य पाठवावे लागले. पोर्तुगालने हे सारे मान्य केले ते थेट १९७४ च्या अखेरीस, स्वतःच्या घरातली हुकूमशाही कोसळल्यानंतर, ३१ डिसेंबरच्या कराराने.

एवढे सगळे सांगून झाल्यावरही एक प्रश्न उरतो आणि तो मला टाळता येत नाही. या सात वर्षांत वारली माणसाला काय मिळाले? खानवेलच्या पुढे, कौंचा-दुधनीच्या बाजूला, धरणाच्या पाण्याकाठच्या एका गावात एका वयोवृद्ध कोकणा शेतकरीबाबांशी बोलणे झाले होते. पोर्तुगीज साहेब गेला तेव्हा ते लहान होते. त्यांना सिल्वासाच्या विजयाची तारीख ठाऊक नव्हती. साहेब गेल्याचे आठवत होते, कारण वडील घरी येऊन आजीला सांगत होते. पण त्यानंतरही वडील त्याच जमिनीवर, त्याच मालकाची मक्त्याची शेती करत राहिले, आणि जमीन नावावर आली ती पुष्कळ पुढे, ते स्वतः बाप झाल्यावर. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. घडले ते क्रमाने सांगत होते, एवढेच. आलवारा आणि तेरेम या पद्धती रद्द करणारा जमीन सुधारणा कायदा १९७१ चा, म्हणजे मुक्तीनंतर सतरा वर्षांनी आणि सामिलीकरणानंतर दहा वर्षांनी. वरिष्ठ पंचायतीला हे आधी करता आले असते का? कदाचित नाही. डोक्यावर खटला, शेजारी दमणला पोर्तुगीज, हाताशी मूठभर माणसे आणि जमीनदारांचे वजन गावोगावी. पण या सात वर्षांचे कौतुक करताना ही उणीव झाकली, तर ते कौतुक त्या बाबांच्या वडिलांच्या पदरात काही टाकत नाही. सरकार बदलण्याचा आणि जमिनीचा मालक बदलण्याचा दिवस एकच असतो असे नाही. हवेलीत त्यांच्यामध्ये एक पिढी गेली.

आणि तरीही १२ जून १९६१ चा तो ठराव मला लहान वाटत नाही. १७७९ मध्ये बहात्तर गावे कागदावरून दिली गेली, तेव्हा गावांचे मत कोणी घेतले नव्हते. पोर्तुगिजांनी ‘सागरापलीकडचा प्रांत’ असे नाव दिले, तेव्हाही नाही. हेगमध्ये त्यांच्याबद्दल सव्वाचार वर्षे युक्तिवाद झाले, पण तिथे दावेदार दोन देश होते. हवेलीला तिथे स्वतःची खुर्ची नव्हती. त्या प्रदेशाचे पुढे काय व्हावे हे त्या प्रदेशातल्या सभेने बसून ठरवले, असे या साऱ्या इतिहासात एकदाच घडलेले दिसते. २०११ च्या जनगणनेत तिथली वस्ती ३,४३,७०९ होती. आज सिल्वासाच्या भोवती कारखान्यांची रांग लागली आहे आणि कामासाठी देशभरातून आलेली माणसे तिथे राहतात. त्यांतल्या फार थोड्यांना आपल्या गावाने कधी काळी स्वतःच्या नावाने करार केला होता हे माहीत असेल. त्या पंचायतीची कागदपत्रे, तिचे ठराव, तिच्यात बसलेल्या माणसांची नावे मराठीत आणि गुजरातीत छापून यायला हवीत. सिल्वासावर चढाई करणाऱ्यांची नावे आपल्याला पाठ आहेत. तिथे सात वर्षे कारभार पाहणाऱ्यांची का असू नयेत?

डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे दोन केंद्रशासित प्रदेश एकत्र करणारा कायदा केला. २६ जानेवारी २०२० पासून तो लागू झाला आणि नव्या प्रदेशाची राजधानी दमणला गेली. एकेकाळी हवेलीचा कारभार पोर्तुगीज दमणमधूनच पाहत होते. कायद्याच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही. संसदेला तो अधिकार आहे आणि कारभार सुटसुटीत व्हावा हे कारणही समजण्यासारखे आहे. पण १९६१ मध्ये या प्रदेशाचे स्थान बदलायचे तर तिथल्या पंचायतीचा एकमताचा ठराव आणि तिच्या पंतप्रधानाची सही लागली होती. २०१९ मध्ये दोन्हींपैकी कशाचीही गरज पडली नाही.